टेकडीवरचं ब्लडप्रेशर

पत्रक लिहायला बसलं की पहिल्याच ओळीत दोषी कोण ते लिहायचं, हे मी एकोणिसाव्या वर्षी शिकले. कंपनी, ठेकेदार, साहेब, जो असेल तो. गेटवरची बाई घाईत असते, दुसरी ओळ वाचायला तिला सवड नसते. उरवड्याच्या कारखान्यांत ठेक्यावर राबणाऱ्या बायांना संडास मिळावा, बसायला स्टूल मिळावं, यासाठी सतरा वर्षं मी अशीच पत्रकं लिहीत आलेय.

हे लिहायला मात्र चार वेळा बसले आणि चारही वेळा पहिली ओळ कोरी राहिली. दोषी कोण ते अजून ठरत नाही. म्हणून काय झालं तेवढंच सांगते. ज्यांना हृदयाचा झटका येऊन गेलाय आणि हातात मोबाईल देऊन ज्यांना घरी पाठवलंय, त्यांनी वाचावं. बाकीच्यांनी वाचलं तरी काही बिघडणार नाही.

दाढ दुखली तो दिवस

दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. दुपारची पाळी सुटायच्या वेळी मी गेटसमोर पत्रकं वाटत होते. सकाळपासून डावी दाढ ठणकत होती. दोन्ही हातांना ओली पोती बांधल्यासारखं वाटत होतं. छातीत काहीच नव्हतं. छातीत कळ आली असती तर मीही ओळखलं असतं, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. घाम आला, तो उन्हाचा समजले.

शेजारच्या मैत्रिणीने कनवटीची डबी काढली. म्हणाली, दाढेला मिश्री लाव, बसेल ठणका. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ही काळी पूड आमच्याकडे निम्म्या बाया दातांना लावतात. मीही गेटवरच शिकले, पाळीच्या बायांबरोबर उभी राहून. लावली. ठणका बसला नाही.

पिरंगुटला एका दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं. मी झुणका आणि मिरची म्हणाले, तेवढ्यावर त्यांचं निदान झालं. पित्ताची गोळी दिली आणि बायका टेन्शन फार घेतात असंही ऐकवलं. एरवी मी टेबलावर हात आपटला असता. छत्तीस वर्षांच्या पुरुषाने हीच तक्रार सांगितली असती तर ईसीजीचं कार्ड काढलं असतं की नाही, असं विचारलं असतं. त्या दिवशी गप्प उठले. दुसऱ्यांसाठी भांडायची सवय असली की स्वतःसाठी तोंड उघडत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

माझा नवरा नवनाथ कोळवण-पिरंगुट जीप चालवतो. त्याने मला पाहिलं, जीपमधली माणसं उतरवली आणि गाडी पुण्याच्या दिशेने वळवली. रुग्णालयात कार्ड काढलं. तरुण डॉक्टरबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अटॅक आहे."

"कुणाला?" मी विचारलं, आणि मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

पाच दिवस

एक नळी उघडून स्टेंट बसवला. मग पाच दिवस तिथे. पहाटे रक्त, मग वजन, मग नाश्त्याचा बिनमिठाचा उपमा, मग डॉक्टरांची फेरी. फेरीत सात-आठ जण यायचे आणि माझ्या पायाशी उभं राहून माझ्याबद्दल एकमेकांशी बोलायचे. वॉर्डात बाकी सगळे निवृत्त पुरुष. त्यांच्या घरची माणसं मला विचारायची, तुमचं पेशंट कोण?

भीती कशी असते ते सांगते. शिंक यायची तर मी नाक दाबून धरायचे. शिंकेने स्टेंट निसटला तर? हे कुणाला विचारायचीही लाज वाटायची. चौथ्या दिवशी वॉर्डातल्या मावशींनी न विचारता माझे केस विंचरले आणि घट्ट वेणी घातली. म्हणाल्या, केस मोकळे असले की माणूस जास्त आजारी दिसतं. त्या वेणीसाठी मी रडले. अटॅक आला तेव्हाही रडले नव्हते.

घरी प्रत्येकाचा दोषी ठरलेला होता. नवनाथच्या मते माझ्या गेटसभा. सासूबाईंच्या मते, त्यांना मी आत्याबाई म्हणते, बाहेरचे वडे. माझ्या मैत्रिणींच्या मते कारखान्याचा धूर. खरं सांगते, मला तिसरं कारण सगळ्यात आवडलं. त्याचं पत्रक झालं असतं.

डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं, वडिलांना हृदयाचं काही? होतं, पन्नाशीत गेले. साखर? थोडी वाढलेली निघाली. तंबाखू खाता का? नाही म्हणाले. खोटं बोलतेय असं मनातसुद्धा आलं नाही. तंबाखू माणसं खातात. मिश्री आम्ही खात नाही, लावतो.

पट्टा, ॲप आणि प्राची मॅडम

सुट्टी देताना रुग्णालयाच्या एका मुलीने माझ्या मोबाईलमध्ये ॲप टाकून दिलं. मनगटावर पावलं मोजणारा पट्टा आणि पिशवीत ब्लडप्रेशरचं छोटं यंत्र. रोज चालायचं, रोज जेवणाचा फोटो टाकायचा, रोज संध्याकाळी ब्लडप्रेशर मोजायचं, ते आपोआप त्यांच्याकडे जाईल. प्राची मॅडम नावाच्या मार्गदर्शक फोन करतील. उद्देश चांगला होता, आजही म्हणते. गोळ्या नळी उघडी ठेवतात, पण माणसाचं खाणं-चालणं कोण बदलणार? डॉक्टर काही घरी येऊन बसत नाहीत.

घरी आल्यावर पहिला प्रश्न तेलाचा. ॲपने दिवसाला किती चमचे तेल ते विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "त्याल काय चमच्यानं वततात व्हय? ही काय औशिद हाय?" दुसरा प्रश्न भाजीचा. रानातली कुर्डूची भाजी ॲपच्या यादीत नव्हती, मग मी पालक लिहायचे. तिसरा प्रश्न रोज सकाळी यायचा. आज कसं वाटतंय? खाली तीन तोंडं: हसरं, सपाट, रडकं. मला काय वाटतंय तेच मला कळत नव्हतं. रडकं दाबलं की फोन येतो, म्हणून हसरं दाबायचे. सतरा वर्षं लोकांना खरं बोलायला शिकवणारी मी, यंत्राशी रोज खोटं बोलत होते.

धूम्रपान करता का, असाही प्रश्न होता. नाही दाबलं. त्यावर पडद्यावर हिरवी बरोबरची खूण आली आणि मला बरं वाटलं.

मोठी अडचण वेगळीच होती. आमच्या वाडीत रेंज नाही. घरात नाही, अंगणात नाही, शाळेपाशी नाही. मोजायचं पान रेंजशिवाय उघडत नव्हतं. रेंज मिळते ती भैरोबाच्या टेकडीवर, देवळामागच्या कातळापाशी.

आणि रेंज का नाही, तेही आता सांगायला हवं.

माझं जुनं पत्रक

सहा वर्षांपूर्वी शाळेमागच्या जागेत मोबाईलचा टॉवर येणार होता. कंपनीने ग्रामसभेला न विचारता खड्डे घेतले, म्हणून माझा संताप झाला. तो संताप आजही बरोबर वाटतो. पण नुसतं ‘विचारलं नाही’ एवढ्यावर वाडी उठत नाही. म्हणून मी पत्रकात लिहिलं की टॉवरच्या किरणांनी चिमण्या मरतात, गर्भ पडतात, हृदय निकामी होतं. कुठून घेतलं? मोबाईलवर कुणीतरी पाठवलं होतं. तपासलं नाही. ‘हृदय निकामी’ हे शब्द मी जाड अक्षरात छापले. वाडी उठली, टॉवर परत गेला, माझा नारळ देऊन सत्कार झाला.

आता मी रोज संध्याकाळी ब्लडप्रेशरचं यंत्र पिशवीत घालून टेकडी चढत होते. पायथ्याच्या पारावर सखाराम आबा बसलेले असायचे, ऐंशीच्या घरातले. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "सूनबाई, टावर नगं म्हनलीस. आता तूच टावर झालीस. चढ रोज."

पार हसला. मीही हसले. हसताना दम लागला.

वर पोचले की उजेड जायच्या आत खाली यायची घाई. म्हणून कातळाशी पोचताच उभ्या-उभ्या दंडाला पट्टा गुंडाळायचा आणि बटण दाबायचं. दीडशे, दीडशे पंचावन्न, एकदा एकशे बासष्ट. नाडीही धावत असायची. त्याच क्षणी मनगटावरचा पट्टा थरथरायचा आणि पावलांचं ध्येय पूर्ण झालं म्हणून पडद्यावर फटाके फुटायचे. एक यंत्र शाबासकी देतंय, दुसरं लाल आकडा दाखवतंय. कुणावर विश्वास ठेवायचा?

प्राची मॅडमचा फोन वरच यायचा. त्यांचा आवाज गोड होता, त्याचाच मला राग यायचा. मीठ कमी केलंत ना? केलं. लोणचं? बंद. झोप? ठीक. मग का वाढतंय, त्यांनाही कळेना. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी व्हिडिओवर आकडे पाहिले आणि ब्लडप्रेशरची गोळी वाढवली. तीन आठवड्यांनी आणखी वाढवली.

खाली घरी मी वेगळीच बाई होत चालले होते. सकाळी उठलं की भिंत धरावी लागायची. भाकरी थापताना डोळ्यांपुढे काजवे यायचे. नवनाथ म्हणायचा, "आकडा तर चढतोय, तू का पडतीयास?" मला वाटलं, हृदय संपत आलंय आणि कुणी स्पष्ट सांगत नाहीये. मोठ्या मुलीच्या शाळेच्या कागदांची पिशवी मी नवनाथला दाखवून ठेवली. तो बघत नव्हता. तो पिशवी खुंटीला टांगून बाहेर गेला आणि विनाकारण जीप धुवत बसला. आम्ही दोघं त्या दिवसांत मरणाबद्दल एक शब्दही बोललो नाही. मिठाबद्दल मात्र रोज भांडलो.

वैशाली सिस्टर

एका सकाळी नळाशी हंडा उचलायला वाकले आणि सरळ होताना खाली बसले. बसले म्हणजे पडलेच. हंडा माझ्यावर उपडा झाला.

उपकेंद्राच्या वैशाली सिस्टर त्या दिवशी वाडीत लसीकरणाला आल्या होत्या. मला ओसरीवर आडवं केलं. त्यांच्याकडचं यंत्र जुनं, हाताने हवा भरायचं. कानाला नळी लावून त्यांनी एकदा मोजलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मोजलं.

"वरचं अठ्ठ्याऐंशी हाय," म्हणाल्या. "रोज किती येतं?"

"दीडशेच्या पुढं."

"मशीन आण."

आणलं. माझ्याच यंत्राने, माझ्याच दंडाला: एकोणनव्वद. मी म्हणाले, यंत्र बिघडलं असेल. त्यांनी स्वतःच्या दंडाला लावून बघितलं, ते बरोबर होतं.

"अश्विनी, तू मोजतीस कुटं बसून?"

"बसून न्हाई. टेकडीवर. वर गेल्या-गेल्या."

सिस्टरनी कानातली नळी काढून गळ्यात टाकली. मग म्हणाल्या, "टेकडी चढल्यावर माझंबी तेवढंच येईल. शेळीचंबी येईल. आधी पाच मिनिटं गप बसायचं असतं, पाठ टेकून. कुणी सांगितलं न्हाई?"

सांगितलं होतं. यंत्राच्या डब्यात घडी घातलेला कागद होता, त्यात चित्र काढून दाखवलं होतं. खुर्चीवर बसलेला माणूस आणि शेजारी घड्याळ. मी तो कागद उघडलाच नव्हता. लोकांनी माझी पत्रकं वाचावीत म्हणून जन्म घालवला, आणि माझ्यासाठी छापलेलं एक पत्रक मी वाचलं नाही.

मी तिथेच तावातावाने म्हणाले की आजपासून गोळी बंद. सिस्टर तेवढ्याच तावात म्हणाल्या, "गोळीला हात लावायचा न्हाई. आधी डॉक्टरला सांगायचं. तू काय डॉक्टर हायेस?" नवनाथने मला जीपमध्ये घातलं, पौडच्या रस्त्याला रेंज लागली तिथे गाडी थांबवली आणि डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी त्याच दिवशी गोळी खाली आणली. म्हणाले, चढून आल्यावर मोजताय हे तुम्ही मला सांगायला हवं होतं. मी म्हणाले, कुठे मोजता हे तुम्ही विचारायला हवं होतं. तो फोन मी बराच वेळ कानाला धरून ठेवला. ते चूक होते का? मी चूक होते का? ॲप चूक होतं का? त्या बिचाऱ्याने तर दिलेला आकडा जसाच्या तसा पोचवला होता.

खिडकीतली डबी

जायच्या आधी सिस्टरनी पाणी मागितलं. आत्याबाई पाणी आणेपर्यंत त्यांची नजर खिडकीत गेली. तिथे माझी मिश्रीची डबी होती.

"ही कुणाची?"

"माझी."

"डॉक्टरला सांगितलीस?"

मी म्हणाले, त्यांनी तंबाखूचं विचारलं होतं. बोलता-बोलता माझं मलाच ऐकू आलं.

सिस्टरनी डबी उचलली नाही, भाषण दिलं नाही. एवढंच म्हणाल्या की काळजाला खाल्लेली आणि लावलेली वेगळी कळत नाही.

त्या संध्याकाळी मी टेकडीवर जाऊन पाठ टेकून बसले. पाच नाही, पंधरा मिनिटं. मग मोजलं. मग प्राची मॅडमना फोन लावून मिश्रीचं सांगितलं. दिवसातून चार वेळा. अटॅकनंतरही. मला वाटलं, आता गोड आवाज जाईल. त्यांनी विचारलं, मिश्री म्हणजे नक्की काय, मला सांगाल? त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. दोन आठवड्यांनी ॲपमध्ये नवा प्रश्न आला: मिश्री, तपकीर, गुटखा, काही लावता किंवा खाता का?

सोडणं सोपं नव्हतं. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, आत्याबाईंवर ओरडायचे. त्या स्वतः चाळीस वर्षं लावतात. अकराव्या दिवशी मी त्यांच्या डबीतली चिमूटभर चोरली आणि ॲपवर ‘नाही’ दाबलं. दुसऱ्या दिवशी ते खोटं मीच प्राची मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, खरं लिहिलंत तर मी रागावणार नाही. मला फक्त कळायला हवं." माझ्या गेटवर मी एकाही बाईला असं म्हणाले नव्हते. मी रागवायचे.

आता तीन महिने झाले. काजवे गेले. घरी दिनदर्शिकेवर सकाळ-संध्याकाळ बसून मोजलेले आकडे लिहिते आणि दोन दिवसांनी टेकडीवर जाऊन ॲपमध्ये टाकते. हाताने भरायची सोय त्यात पहिल्यापासून होती, तीही मी शोधली नव्हती. तेलाचा चमचा आत्याबाईंनी मान्य केलाय, फक्त चमचा त्या निवडतात.

ग्रामसभा

मागच्या महिन्यात टॉवरचा विषय परत आला. या वेळी कंपनीने रीतसर अर्ज केला होता. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. पुढे पुरुष, मागे बाया. माझं जुनं पत्रक कुणीतरी घडीत जपून ठेवलं होतं, ते हातोहात फिरत होतं. घडीवर फाटलं होतं, पण ‘हृदय निकामी’ अजून ठसठशीत दिसत होतं.

सरपंच बोलले. मग सखाराम आबांनी काठी टेकवली आणि थेट माझ्याकडे वळले. या वेळी त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. त्यांच्या धाकट्या मुलाची छाती गेल्या महिन्यापासून भरून येत होती.

"सूनबाई, तुझं तर बिघडून बसलंय, तुला म्हाईत. टावरनं काळीज बिघडतं का?"

मला बोलायला लावलं की मी एरवी थांबत नाही. त्या दिवशी उभी राहिले आणि बराच वेळ तोंडून शब्द फुटेना. नवनाथ सतरंजीच्या कडेला होता, त्याला वाटलं मी पडतेय. तो अर्धा उठला.

"मला म्हाईत न्हाई, आबा," मी म्हणाले. "तवाबी म्हाईत नव्हतं. तरी छापलं."

पत्रक फिरायचं थांबलं.

"पर माझं बिघडलं तवा हितं टावर नव्हता," मी म्हणाले. "मिश्री व्हती."

मागे बसलेल्या बायांकडे मी वळून पाहिलं नाही. नंतर नवनाथने सांगितलं की निम्म्या जणींचा पदर तोंडावर गेला होता, आणि आत्याबाईंनी मांडीखालची डबी आणखी आत सरकवली होती.

टॉवरचा निर्णय त्या दिवशी झाला नाही. कागद मागवायचं ठरलं, या वेळी वाचायचंही ठरलं. सभा उठल्यावर आबा मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मी त्याला शाळेच्या पायरीवर बसवलं, पाठ भिंतीला टेकवायला लावली आणि पिशवीतून यंत्र काढलं. त्याने लगेच दंड पुढे केला.

"थांब," मी म्हणाले. "आधी पाच मिनिटं."

आणि आम्ही तिघं काही न बोलता बसून राहिलो.